आर्डिसची चाकं आणि बाकीच्यांचे अंगठे

अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये हिवाळ्यात कुणी घरी आलं, की ते आधी बूट झटकतं, मग दाराशी उभ्या असलेल्या सायकलचा टायर अंगठ्याने दाबून बघतं, आणि त्यानंतर घरच्या माणसांची चौकशी करतं. टायर दाबून झाला की ‘कडक आहे’ म्हणायचं, अशी पद्धत आहे. ‘बरोबर आहे’ असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तसं म्हटलं तर पुढे बोलायला काही उरत नाही, आणि हिवाळा तर सात महिन्यांचा असतो.

आर्डिस हॅल्व्हरसनला या अंगठ्यांचा वीट आला होता.

ती एकोणसाठ वर्षांची होती. बत्तीस वर्षं तिने दवाखान्यात लोकांचे दात साफ केले होते. त्या कामात समोरचा माणूस तोंड उघडं टाकून आडवा पडलेला असतो आणि त्याला बोलता येत नाही. ही सोय दवाखान्याबाहेर कुठेही मिळत नाही, हे तिला निवृत्त झाल्यावर कळलं.

यंदा तिला शंभर मैल पुरे करायचे होते. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सकाळी नदीकाठावरून निघायचं आणि जाड टायरच्या सायकलवर, बर्फातून, छत्तीस तासांच्या आत शंभर मैलांचा फेरा मारून परत यायचं, अशी ती शर्यत. तिला पहिलं यायचं नव्हतं. शेवटचं आलं तरी तिची हरकत नव्हती. फक्त पोचायचं होतं. कारण गेल्या वर्षी ती पोचली नव्हती, आणि का पोचली नव्हती याची गोष्ट तिचा थोरला दीर ड्वेन गावभर सांगत होता.

मूळ गोष्ट अगदी लहान होती. तिसाव्या मैलावर वाटेत एक मूस उभी होती. मूस हरणाच्या कुळातली, पण घोड्याहून उंच असते, आणि बाजूच्या कमरेएवढ्या बर्फात उतरण्यापेक्षा तिला माणसांनी दाबून ठेवलेली वाट बरी वाटते. याबाबत तिचं आणि आर्डिसचं एकमत होतं. मूसशी वाद घालायचा नसतो, म्हणून आर्डिस थांबली. दोन तास दहा मिनिटांनी मूस गेली. तोवर पुढच्या चौकीची वेळ टळली होती आणि आर्डिस शर्यतीतून बाद झाली. एवढंच.

पण ड्वेनच्या तोंडी पडल्यावर गोष्टीने बाळसं धरलं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात दोन तासांचे चार तास झाले. नाताळात आर्डिस मूसशी बोलू लागली. नव्या वर्षाच्या दिवशी तिने मूसला आपलं निम्मं सँडविच देऊ केलं. जानेवारीत शेजारच्या बर्नीची आई गेली, तेव्हा मयताच्या जेवणात मूसने ते सँडविच हुंगून नाकारलं आणि रडून डोळे सुजलेली मंडळी पोट धरून हसली. आर्डिसचा नवरा मर्लसुद्धा हसला.

परत येताना गाडीत मर्ल म्हणाला, “अगं, तो काही वाईट अर्थाने सांगत नाही.”

“वाईट अर्थाने सांगत असता तर कधीतरी थांबला असता,” आर्डिस म्हणाली. “चांगल्या अर्थाने सांगतो, म्हणून थांबत नाही.”

शंभर मैल पुरे झाले तर ही गोष्ट मरणार होती. नाही झाले, तर आपल्या स्वतःच्या मयताच्या जेवणातही ती सांगितली जाईल, आणि तेव्हा आपण मध्ये बोलूही शकणार नाही, हे आर्डिसला स्वच्छ दिसत होतं.

आता शर्यत म्हटली की चाकं आली. आणि चाकं म्हटली की गावातला प्रत्येक पुरुष हातातलं काम टाकून आला.

बर्फावरच्या सायकलच्या चाकांत मुळात भानगड फार नाही. चाकाची उंची दोन प्रकारची, सव्वीस इंची आणि साडेसत्तावीस इंची. रिम अरुंद किंवा रुंद. टायर चार इंचापासून पाच इंचापर्यंत जाड. आत हवा इतकी थोडी, की गाडीवाला बघून पंक्चर समजेल. बस, एवढंच. पण उंचीतल्या त्या दीड इंचावरून गावात दोन घरांचं बोलणं बंद आहे आणि एका लग्नाची बोलणी फिसकटली आहेत.

ड्वेनचं मत ठाम होतं. तो तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डर होता. सव्वासहा फूट उंच, एकशे पंधरा किलो वजनाचा. “रुंदी,” तो म्हणाला, आणि दोन्ही हात मासा दाखवावा तसे पसरले. “पाच इंची टायर, शंभर मिलिमीटरची रिम. बाकी सगळं विसर. चार इंचावर मी मांडीपर्यंत रुततो.”

“तू रुततोस,” आर्डिस म्हणाली.

“तेच सांगतोय ना.”

सायकलच्या दुकानातला क्लिंट उंच चाकाच्या पंथाचा होता. त्याने तिला काचेच्या कपाटापुढे उभं करून पाऊण तास समजावलं. मोठं चाक बर्फाच्या ढेकळावर चढतं, लहान चाक ढेकळाला जाऊन थडकतं. “मी स्वतः साडेसत्तावीसवर गेलो आणि माझे गुडघे सुधारले,” तो म्हणाला. गुडघ्यांचा काय संबंध, हे आर्डिसने विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी पाऊण तास गेला असता.

बर्नी आधी छोटी विमानं उडवायचा, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट हलकी हवी असायची. “चार इंची, अरुंद रिम,” तो कुंपणावरून म्हणाला. “प्रत्येक चाकामागे दीड पाउंड वाचतो. मी तर बर्फात निघताना दाढीसुद्धा करून निघतो.”

ऐकता ऐकता आर्डिसच्या एक गोष्ट लक्षात आली. हे सगळे आपापल्या अंगाबद्दल बोलत होते. ती स्वतः पाच फूट एक इंच होती आणि लोकरीचे चार थर चढवूनही पन्नास किलोच्या पुढे जात नव्हती. पण तिला वजन कुणीच विचारलं नाही. बाईला वजन विचारायचं नसतं, इतकी सभ्यता त्यांच्यात होती. वजन न विचारता टायर सांगायचा नसतो, इतकी अक्कल नव्हती.

शेवटी तिने क्लिंटकडून वेगवेगळ्या चाकांचे तीन जोड उसने आणले आणि ओळीने तीन शनिवार एकटीच नदीकाठी गेली. तोच चढ, तीच वळणं, प्रत्येक जोडावर चार चार फेऱ्या. दातांच्या नोंदी ठेवायची तिची जुनी वही होती, तिच्यात तिने सगळं लिहून काढलं. चार इंची टायर वळणावर रुतला. पाच इंची रुतला नाही, पण चढावर तिच्या पायांना जड गेला. आणि साडेसत्तावीस इंची उंच चाक खरोखर लोण्यासारखं चाललं. चाललं, म्हणजे थांबेपर्यंत. थांबल्यावर तिचा पाय जमिनीला पोचेना. बूट जमिनीपासून तीन बोटं वर लोंबकळत राहिला, क्षणभर ती आणि सायकल दोघी विचारात पडल्यासारख्या उभ्या राहिल्या, आणि मग सावकाश, एका बाजूला, कोसळल्या. आर्डिसने वहीत लिहिलं, ‘उंच चाक: पडते.’ दुसऱ्या फेरीला लिहिलं, ‘पुन्हा पडते.’

तिसऱ्या शनिवारी रात्रीच्या जेवणाला तिने निर्णय जाहीर केला. “सव्वीस इंची. ऐंशीची रिम. साडेचार इंची टायर. हवेचा दाब अडीच पाउंड. यावर आता चर्चा नाही.”

“छान,” मर्ल म्हणाला. “अगदी विचार करून ठरवलंस.” आणि त्याने बटाटे पुढे सरकवले. मर्ल गरीब स्वभावाचा माणूस होता. समोर जो असेल त्याचं त्याला पटायचं. त्या वेळी समोर आर्डिस होती, हाच काय तो घोटाळा झाला.

शर्यतीच्या सकाळी उणे वीस फॅरनहाइट होतं. मर्लची पिकअप नदीकाठच्या गर्दीत थांबली. नाकातोंडातून वाफा काढत चाळीस स्पर्धक उभे होते, आणि जो तो दुसऱ्याचा टायर दाबत होता. मर्लने मागची ताडपत्री ओढली आणि वाढदिवसाची भेट उघडून दाखवावी तसा चेहरा करून बाजूला झाला.

आर्डिसने सायकलकडे बघितलं. सायकल तिची होती. चाकं तिची नव्हती.

“हे काय आहे?”

“चाकं.”

“कुणाची?”

“ड्वेनची. त्याच्याकडे जादा पडली होती.” मर्ल घाईघाईने बोलू लागला. “तू झोपल्यावर त्याचा फोन आला. हवामानवाले आठ इंच नवा बर्फ म्हणतायत. तो म्हणाला, त्या लहान चाकांवर ती बुडेल. म्हटलं, तुला झोपेतून कशाला उठवा.”

“ही साडेसत्तावीस आहेत.”

“हो. आणि टायर पावणेपाच.”

“माझी कुठायत?”

“गॅरेजमध्ये. स्वच्छ पुसून ठेवलीत.”

घर पस्तीस मैलांवर होतं आणि शर्यत सुटायला चाळीस मिनिटं होती. आर्डिसने डोळे मिटले. तिला वही आठवली, तीन शनिवार आठवले. पुसून ठेवलीत, ती मनात म्हणाली. नवऱ्याने आपल्या बायकोचा तीन आठवड्यांचा अभ्यास खुंटीला टांगला होता, आणि टांगण्याआधी पुसून घेतला होता.

“मर्ल, वहीत काय लिहिलंय ते वाचलं होतंस?”

“वाचलं ना. पण ड्वेन म्हणाला, पडायची सवय होते.”

तोवर क्लिंट आला. आधी टायर दाबला, आणि त्याचा अंगठा थेट रिमला जाऊन टेकला. त्याने पुन्हा दाबला. मग मर्लकडे बघितलं.

“मर्ल, हवा किती भरलीस?”

“चार पाउंड. बरोब्बर चार. डिजिटल मीटरने मोजली.”

“कुठे भरलीस?”

मर्लने ताडपत्रीची घडी घालायला घेतली.

“हीटर चालू होता?”

मर्ल बुटांकडे बघू लागला. उबदार गॅरेजमधली चार पाउंड हवा उणे वीसमध्ये आणली की आकसून एकही पाउंड उरत नाही. म्हणून सायकल आधी तासभर बाहेर गारठू द्यायची आणि मग हवा भरायची, हे तिथल्या बालवाडीतल्या मुलांना ठाऊक असतं. मर्ल त्या गावात एक्केचाळीस वर्षं राहत होता.

“हात गारठत होते,” तो हळूच म्हणाला.

आर्डिसने छोटा पंप काढला. जाड टायरमध्ये छोट्या पंपाने हवा भरणं म्हणजे चमच्याने विहीर भरण्यासारखं असतं. दोनशे वेळा पंप मारून झाला, तेव्हा ड्वेन आला. त्याने दाबून बघितलं. “कडक आहे,” तो म्हणाला, आणि आर्डिस काही बोलायच्या आत फुस्स करून थोडी सोडली. मग बर्नी आला. तो शर्यतीत नव्हता, फक्त बघायला आला होता. त्याने दाबून ‘मऊ आहे’ म्हटलं आणि पंप हातात घेतला. क्लिंटने बर्नीच्या हातून पंप काढून घेतला. एक अनोळखी माणूस मागचा टायर दाबत होता. त्याला कुणी ओळखत नव्हतं, पण त्याचं मत सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं.

आर्डिस कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“ऐका,” ती म्हणाली. “बत्तीस वर्षं मी लोकांच्या तोंडात हात घातले आणि एकालाही चावू दिलं नाही. चावतात कसं, हे मला चांगलं माहीत आहे. आता ज्याचा अंगठा या टायरला लागेल, त्याला मी चावणार.”

चार जणांनी हात खिशात घातले. अनोळखी माणूस पाचवा.

“घाबरली आहे बिचारी,” ड्वेन मर्लला म्हणाला. “मूस आठवत असेल.”

सायकलवर चढायला तिला पायरी लागणार होती. तिने बर्फाच्या एका ढिगाऱ्यावर उभं राहून टांग टाकली, घोड्यावर बसावं तशी, आणि सुटायच्या भोंग्यावर निघाली.

पहिले पंचवीस मैल वाट दगडासारखी कडक होती. उंच चाकं झकास पळत होती, आणि हे कबूल करावं लागतंय याचाच तिला अधिक राग येत होता. पण पाणी प्यायला थांबली, पडली. चष्म्यावरचा बर्फ पुसायला थांबली, पडली. एकदा ड्वेनने पुढून ‘ठीक आहेस ना’ असं ओरडून विचारलं, म्हणून सभ्यपणे थांबून ‘हो’ म्हणाली आणि पडली. दुपारपर्यंत ती अकरा वेळा पडली होती. प्रत्येक वेळी पुन्हा चढायला एखादा ओंडका नाहीतर उंचवटा शोधावा लागे. उंचवट्यापर्यंत सायकल ढकलत न्यायची, चढायचं, चालवायची, थांबायचं, पडायचं.

मग आभाळ भरून आलं, थंडी जरा कमी झाली आणि बर्फ पडू लागला. हवामानवाल्यांनी आठ इंच म्हटलं होतं, ते त्यांनी तंतोतंत पाळलं. अठ्ठाविसाव्या मैलापासून वाट अशी झाली की जणू कुणी मैदा ओतून ठेवलाय. आर्डिस शेवटची पडली ती तिथे. उताणी पडल्या पडल्या तिने हिशेब केला. चालवलं तर दर दोनशे पावलांवर पडायचं. पडलं की उंचवटा शोधायचा. या सपाट, गोठलेल्या दलदलीत उंचवटा नाही. मग चढायचंच कशाला? ती उठली, हँडल धरलं आणि सायकल ढकलत चालू लागली.

पाचेक मिनिटांत वाटेकडेला ड्वेन दिसला. गुडघे टेकून तो टायरमधली हवा सोडत होता.

“ढकलतेस?” त्याच्या आवाजात धक्का होता. “इतक्यात?”

“हो.”

“अगं, चालवण्यासारखं आहे अजून.”

“मग चालव.”

ती पुढे गेली. थोड्या वेळाने ड्वेन धापा टाकत, सायकल नागमोडी नाचवत तिच्याशेजारून गेला. “बघ,” तो म्हणाला, “सगळा रुंदीचा खेळ आहे.” दोनशे पावलांवर तो पुन्हा गुडघे टेकून बसलेला होता. आर्डिस त्याला ओलांडून गेली. पुन्हा तो तिला ओलांडून गेला. “अजून अर्धा पाउंड कमी हवाय,” जाताना म्हणाला. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी तो आला नाही. एवढी हवा सोडता सोडता व्हॉल्व्ह गोठून उघडाच राहिला होता, आणि आता आत हवा राहत नव्हती.

वाटेत इतरही भेटले. एक जण टायर बदलत होता. दोघे जण रिमच्या रुंदीवरून भांडत होते, भर बर्फात, एकमेकांकडे पाठ करून. त्यातला एक तिला म्हणाला, “बाई, तुम्हीच सांगा, ऐंशी की शंभर?” आर्डिस न थांबता म्हणाली, “सहा नंबर. बुटांचा.”

अडतिसाव्या मैलावरच्या चौकीत विनी स्वयंपाक करत होती. विनी तिथलीच, नदीच्या वरच्या अंगाच्या गावातली. तिने जन्मात जेवढा बर्फ पाहिला होता, तेवढा बाकीच्या सगळ्यांनी मिळून पाहिला नव्हता, आणि टायरबद्दल तिला काहीही मत नव्हतं. आर्डिसला ती फार आवडायची.

“मूसच्या मटणाचा रस्सा की भाज्यांचं सूप?” विनीने विचारलं.

“मूस,” आर्डिस म्हणाली. “मोठा वाडगा.”

ती खात असताना ड्वेनला स्नोमशीनवाल्याने, म्हणजे बर्फावरच्या मोटरसायकलवाल्याने, आणून सोडलं. त्याच्या दाढीतून बर्फाच्या सुया लोंबत होत्या. तो शेगडीपाशी बसला, बूट काढले आणि पहिला प्रश्न विचारला. “चाकं कशी आहेत?”

“आहेत.”

“माझीच ती.” त्याला जरा बरं वाटलं. मग तो आवाज उतरवून म्हणाला, “मी सोडतोय शर्यत. पुढे याहून वाईट आहे, आठ जण परत फिरलेत. तो मशीनवाला तासाभरात गावाकडे जातोय आणि मागे दोघांची जागा आहे. चल. मी कुणाला काही सांगणार नाही.”

आर्डिसने त्याच्याकडे नीट बघितलं. माणूस मनापासून बोलत होता. मनापासूनच त्याने फोन केला होता, मनापासून चाकं दिली होती, आणि सोमवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानात मनापासूनच सुरुवात करणार होता, की यंदा मूस नव्हती, तरी आमची आर्डिस अडतिसाव्या मैलावर. तिचे पाय शेगडीच्या उबेत सैलावले होते. बोटं दुखत होती. बाहेर बासष्ट मैल बाकी होते.

“विनी,” ती म्हणाली, “पाव बांधून दे.”

“वाडगा तरी बसून संपव की,” विनी म्हणाली.

“बसले तर हा बोलत राहील.”

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. ढकलण्यात सांगण्यासारखं काही नसतं. पाऊल टाकायचं, सायकल पुढे रेटायची, पाऊल टाकायचं. ढकलणाऱ्याला व्हॉल्व्ह गोठल्याची फिकीर नसते. मध्ये दुसऱ्या चौकीत ती तीन तास झोपली. एकूण एक्केचाळीस मैल तिने ढकलले. रविवारी दुपारी आभाळ उघडलं, थंडी परतली, वाट पुन्हा टणक झाली, आणि शेवटचे एकतीस मैल ती एका तुटक्या कुंपणावरून सायकलवर चढून एकदाही न थांबता आली. थांबून चालणारच नव्हतं. संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ती रेषेवर पोचली, थांबली आणि पडली. वेळ संपायला एक तास चाळीस मिनिटं होती. चाळीसांतले अकरा पोचले, ती अकरावी.

मर्ल धावत आला. त्याच्या दोन्ही हातांत तिची जुनी चाकं होती.

“दीड दिवस गाडीत घेऊन फिरतोय,” तो म्हणाला. “म्हटलं, वाटेत कुठे रस्ता लागला आणि तू दिसलीस तर देता येतील.”

आर्डिसला रागवायचं होतं, पण तेवढं त्राण नव्हतं. ते काम तिने पुढच्या आठवड्यात, थोडं थोडं करून, उरकलं.

शुक्रवारी ड्वेनकडे सगळे जमले. जो तो आपापलं भांडं घेऊन आला होता: बर्नीने धुरावलेला सॅमन मासा आणला, क्लिंटने पाव, आर्डिसने ब्लूबेरी-पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. चौकीतली विनीही आली होती. ताटं भरली. ड्वेनने काटा ताटावर वाजवला आणि खुर्ची मागे सरकवली. त्या आवाजाने आर्डिसचे खांदे आपोआप ताठ झाले. वर्षभर ती गोष्ट याच आवाजाने सुरू होत असे.

“तर मंडळी,” ड्वेन म्हणाला, “आमची आर्डिस पोचली.”

टाळ्या पडल्या. आर्डिस वाट बघत राहिली. मूस आली नाही. सँडविच आलं नाही. पोचलेल्या बाईला तिसाव्या मैलावर परत उभं करणं ड्वेनलाही जमण्यासारखं नव्हतं.

“आणि कशावर पोचली?” तो पुढे म्हणाला. “माझ्या चाकांवर.”

“म्हणजे साडेसत्तावीसवर,” क्लिंट म्हणाला. “मी काय म्हणत होतो? उंची.”

“पावणेपाच इंची टायर होता त्यावर. रुंदी.”

“रिम हलकी होती,” बर्नी म्हणाला. “ते कुणी बोलत नाही.”

“हवा मी भरली होती,” मर्ल म्हणाला, आणि त्याच्याकडे सगळ्यांनी असं बघितलं की त्याने सॅमनची थाळी जवळ ओढली.

आर्डिसने काटा खाली ठेवला. “मी ढकलली,” ती म्हणाली.

“काय?”

“सायकल. एक्केचाळीस मैल ढकलली. तुमची चाकं इतकी उंच होती की माझा पाय जमिनीला लागत नव्हता. सारखी पडत होते. पडून कंटाळले, म्हणून अठ्ठाविसाव्या मैलावर उतरले आणि चालत गेले. तुम्ही सगळे हवा सोडत बसला होतात, तेव्हा मी चालत होते. चाकांचा काही संबंध नाही. चाकं नसती तरी मी पोचले असते. जरा लवकर पोचले असते.”

विनी कोपऱ्यात खाली मान घालून पाव मोडत होती आणि तिचे खांदे हलत होते. ड्वेनने दाढी खाजवली. तो विचार करत होता, आणि त्याच्या विचारात काहीतरी खरंच हललं असावं असं आर्डिसला वाटलं. तो पुढे झुकला.

“ढकलताना,” त्याने विचारलं, “पुढच्यात हवा किती ठेवली होतीस?”

क्लिंट पुढे झुकला. बर्नीने चष्मा लावला.

“मोजली नाही,” आर्डिस म्हणाली.

“मोजली नाहीस?”

“नाही.”

“शंभर मैल?”

“शंभर मैल.”

ड्वेन मागे टेकला. बर्नीने चष्मा काढला. मग ड्वेनची नजर छताकडे गेली आणि ओठ जरासे हलले. पहिलं वाक्य जुळवतोय, आर्डिसला कळलं. ईस्टरपर्यंत एक्केचाळीसचे साठ मैल होणार. उन्हाळ्यात टायर पार सपाट असणार. पुढच्या थँक्सगिव्हिंगला हवा मोजायचा मीटर तिच्या खिशातच असणार, आणि ती तो विनीला सूप ढवळायला देणार.

तिने ब्लूबेरी-पाय कापायला घेतला आणि पहिला, सगळ्यात मोठा तुकडा स्वतःच्या ताटात वाढला. निदान या गोष्टीत ती पोचत तरी होती.